ओसाकात संध्याकाळी सातनंतर करायचं काय? (चार महिने मुक्काम, एकटी, दारू नाही)

इंद्रायणीकाठ · १६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामाने चार महिने ओसाकात आले आहे, येऊन दहा दिवस झाले. खोली होनमाचीत आहे. दिवसा इथे ऑफिसवाल्यांची एवढी रीघ असते की फुटपाथवर खांद्याला खांदा लागतो. रात्री आठनंतर मात्र इतका शुकशुकाट, की रस्ता ओलांडायच्या सिग्नलची पिकपिक तेवढी ऐकू येते. साडेसहाला सुटायचं, खोलीवर येऊन भात लावायचा, आईला व्हिडिओ कॉल करायचा आणि झोपायचं. दहा दिवस हेच चाललंय.

काल शनिवारी एकटीच दोतोंबोरीला गेले. ग्लिको कंपनीच्या फलकावरचा धावणारा माणूस पाहिला, पाय हलवणारा तो प्रचंड खेकडा पाहिला, फोटो काढले. मग पुढे काय ते कळेना. प्रत्येक दाराआडून हसण्याचे आवाज येत होते, पण दारावर पडदा, आतलं काही दिसत नाही, मेनू फक्त जपानीत. दोन गल्ल्यांत तीन फेऱ्या मारल्या आणि एकाही दारात पाऊल न टाकता परत आले. खूप एकटं वाटलं.

वय २९. दारू पीत नाही. अंडं चालतं, मासे-मटण नाही. पुण्यात शिकून जपानीची एन-४ परीक्षा पास झाले आहे, म्हणजे दुकानात निभतं, गप्पांत अडखळते. पैसे बेताने खर्च करायचे आहेत. हे शहर रात्री जगतं म्हणतात, मला ते खरंच बघायचंय. कुठे जाऊ, आणि मुख्य म्हणजे आत कशी शिरू?

चिंचपोकळी_स्लो · १६ नोव्हेंबर

दोतोंबोरी विसर, उरा-नांबाला जा. नांबाच्या मागच्या अंगाच्या गल्ल्या. पाच-सात खुर्च्यांची दुकानं.

खडीसाखर · १६ नोव्हेंबर

इंद्रायणी, सहा वर्षं ओसाकाशेजारच्या साकाईत राहून गेल्या वर्षी परतले. तुझं वाचून माझे पहिले तीन महिने आठवले, म्हणून सविस्तर लिहिते.

दाराबाहेर पडदा, म्हणजे नोरेन, टांगलेला असेल तर दुकान उघडं आहे आणि कुणीही आत यावं असा त्याचा अर्थ. त्याला अडथळा समजू नकोस. पडदा बाजूला करायचा, एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "हितोरी देसु गा, ईई देसु का?" एकटी आहे, चालेल का? एकट्याने जेवणं इथे अगदी रोजचं आहे. जागा नसेल तर ते हातांची फुली करून दाखवतील. तो अपमान नसतो, खुर्च्याच सहा असतात.

टेबलावर बसू नकोस, काउंटरला बस. टेबलावर बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही. काउंटरला मालक समोर असतो, शेजारी कुणीतरी काकू असते, आणि ओसाकाची काकू गप्प बसूच शकत नाही. टोकियोत मला वर्षभरात अनोळखी माणसाने एकदाही हाक मारली नाही. ओसाकात पहिल्याच आठवड्यात एका आजींनी पर्समधून गोळी काढून हातावर ठेवली.

वेळ साडेसहा ते सातची धर. आठला जाशील तर सगळे मंडळी जमून रंगलेली असतात, त्यात शिरणं जड जातं.

दारू न पिणं हा प्रश्नच नाही. "ऊरॉन-चा" मागायचा, बर्फ घातलेला ऊलाँग चहा, मोठ्या ग्लासात येतो. बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी पुढे येईल. कानसाईत, म्हणजे ओसाकाच्या या भागात, तिला त्सुकिदाशी म्हणतात, तीन-चारशे येन लागतात, ते बसायचं भाडं समज. टीप ठेवायची नाही. ठेवलीस तर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतील.

तोक्योकर_विदर्भी · १७ नोव्हेंबर

खडीसाखर यांच्याशी अर्धा सहमत. टोकियोत कुणी बोलत नाही हे मान्य नाही. शिंजुकूच्या गोल्डन गाईत दोनशेच्या वर इवलाले बार आहेत. तिथे बसलात की शेजारच्याशी बोलल्याशिवाय ग्लास उचलता येत नाही, इतकी जवळ जवळ माणसं. शहराचा नाही, खुर्च्यांच्या अंतराचा गुण आहे तो.

खडीसाखर · १७ नोव्हेंबर

@तोक्योकर, हे पटलं. खुर्च्यांचं अंतर!

आडगल्ली · १७ नोव्हेंबर

धाग्यात एक सावधगिरीची गोष्ट असू द्या.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा मित्र मिनामी भागात रात्री दहाला फिरत होतो. सूट घातलेला एक तरुण पुढे आला, उत्तम इंग्रजी, "तीन हजार येनमध्ये तासभर हवं तेवढं प्या." गेलो. चौथा मजला, खिडकी नाही, मेनूवर किमती नाहीत. पन्नास मिनिटांनी बिल आलं अठ्ठेचाळीस हजारांचं. खोलीचे पैसे, सेवेचे पैसे, शनिवारचे पैसे. दाराशी दोघे उभे राहिले. आम्ही घाबरलो आणि कार्डाने भरून बाहेर पडलो. रात्रभर झोप नाही.

नंतर ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याने सांगितलं, की याला बोत्ताकुरी म्हणतात आणि रस्त्यावर असं गिऱ्हाईक ओढायला कायद्याने बंदी आहे. नियम एकच: जो रस्त्यावर येऊन बोलावतो त्याच्यामागे जायचं नाही, कितीही गोड बोलो. चांगल्या दुकानाला माणूस रस्त्यावर उभा करायची गरज पडत नाही. अडकलातच तर ११० फिरवा, किंवा जवळचं कोबान म्हणजे पोलीस चौकी गाठा. आम्ही हे केलं नाही, तुम्ही करा.

मोगरा_मळा · १७ नोव्हेंबर

आडगल्ली, वाचून वाईट वाटलं. बायकांसाठी भर घालते: सोएमोनचो भागात रात्री उशिरा "काम करणार का" असं विचारणारे दलाल एकट्या मुलींना गाठतात. नजर न देता चालत राहायचं. बाकी या शहरात रात्री अकराला एकटी चालताना मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं फार कमी ठिकाणी वाटलं. मिदोसुजी लाइनवर कामाच्या दिवशी दिवसभर महिलांचा डबा असतो, होनमाचीहून तुला तीच गाडी.

पिंगुळीचो_झील · १८ नोव्हेंबर

मी कुडाळचा. आमच्या पिंगुळीत ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी करतात. लहानपणी कंदिलाच्या उजेडात पाहिलेले ते खेळ माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेले नाहीत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा घरात गोडधोड झालं होतं.

ओसाकात गेलो तेव्हा निप्पोंबाशीच्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात गेलो. १९८४ मध्ये बांधलेलं. एक बाहुली आणि तिला तीन माणसं. मुख्य कलाकार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा फक्त डावा हात, तिसरा फक्त पाय. पाय शिकायला दहा वर्षं, डावा हात शिकायला आणखी दहा, असं तिथे म्हणतात. माणसं लपलेली नसतात, समोर दिसतात, बहुतेकांच्या डोक्यावर काळी टोपडी. पहिली दहा मिनिटं नजर माणसांवर जाते. मग कधी ती माणसं दिसेनाशी होतात ते कळत नाही, आणि लाकडाची बाई रडताना दिसते. बाजूला शामिसेन वाजवणारा आणि सगळ्यांचे संवाद एकट्याच्या गळ्यातून म्हणणारा तायू. म्हातारी, लहान मूल, सामुराई, सगळं तोच. मला आमच्या कीर्तनकाराची आठवण झाली.

गोष्टही तिथलीच होती. उमेदाजवळच्या सोनेझाकीच्या रानात १७०३ मध्ये एका तरुण जोडप्याने जीव दिला आणि महिन्याभरात ओसाकाच्या रंगमंचावर त्यावर बाहुल्यांचा खेळ आला. आज त्या जागेच्या भोवती खाण्यापिण्याची गल्ली आहे, ओहात्सु-तेंजिन म्हणतात. ओहात्सु हे त्या मुलीचं नाव. खेळ बघून रात्री तिथे चालत गेलो आणि देवळासमोर बराच वेळ उभा राहिलो.

इंद्रायणी, ओसाकातले प्रयोग वर्षभर नसतात. नोव्हेंबरचा संपत येईल, मग जानेवारीत नव्या वर्षाचा. चुकवू नको. इंग्रजी माहितीचं यंत्र भाड्याने मिळतं.

चिंचपोकळी_स्लो · १८ नोव्हेंबर

झीला, पहिल्यांदाच तुझा एवढा मोठा प्रतिसाद वाचला. सुंदर.

गणगौळण · १८ नोव्हेंबर

बाहुल्या झाल्या, आता हसण्याचं. ओसाका ही हसवणाऱ्यांची राजधानी. नांबा ग्रँड कागेत्सु हे योशिमोतोचं नाट्यगृह. योशिमोतोचा धंदा १९१२ पासूनचा. तिथे मानझाई चालते: दोघे माईकसमोर उभे, एक वेडगळ बोलतो, दुसरा त्याला टपली मारून ताळ्यावर आणतो. वेडगळाला म्हणतात "बोके". (आपल्याकडचे बोके डोळ्यासमोर आणून मी पहिल्याच वाक्याला हसलो, शेजारचे गृहस्थ खूश झाले की परदेशी माणसाला विनोद कळला!) टपलीवाल्याला त्सुक्कोमी. तमाशातली बतावणी आठवा, सोंगाड्या आणि सरदार. जोडी तीच.

भाषा पुरी कळत नसेल तरी शेवटी होणारं शिनकिगेकी नावाचं छोटं नाटक बघाच. कुणी फालतू विनोद केला की रंगमंचावरचे सगळेच्या सगळे एकदम धाडकन पडतात. त्याला भाषा लागत नाही. बहुतेक खेळ दिवसा असतात, रात्रीचे आधी बघून ठेवा.

आणि एकट्याचा खेळ हवा असेल तर तेंमांगू देवळाशेजारी हानजोतेई, राकुगोचं नाट्यगृह. २००६ मध्ये उघडलं, महायुद्धानंतर ओसाकाला राकुगोची स्वतःची कायमची जागा पहिल्यांदा तेव्हा मिळाली. गुडघ्यावर बसलेला एक माणूस, एक पंखा, एक पंचा. पंख्याने नूडल खातो तेव्हा आपल्याला भूक लागते.

कांदेपोहे_प्रेमी · १८ नोव्हेंबर

जेवणाचं कुणीच बोलेना. तिचा खरा प्रश्न दाशीचा, म्हणजे माशाच्या रश्श्याचा, आहे. ओकोनोमियाकीच्या पिठात दाशी. ताकोयाकीत तर ऑक्टोपसच. कुशिकात्सु, म्हणजे काडीला लावून तळलेलं, भाजीचं घेतलं तरी बऱ्याच ठिकाणी तेल म्हणजे जनावराची चरबी. दाशीमाकी हे नुसतं अंड्याचं दिसतं, त्यातही दाशी. शाकाहारी माणसाने इझाकायात, म्हणजे अशा खाण्यापिण्याच्या दुकानात, जाऊन उपाशी यायचं का?

खडीसाखर · १९ नोव्हेंबर

@कांदेपोहे, उपाशी यायचं नाही. एदामामे, मीठ लावलेल्या कोवळ्या शेंगा. हियायाक्को, गार तोफू, पण "कात्सुओबुशी नाशी दे" असं आधी सांगायचं, नाहीतर वर माशाचा कीस येतो. शिशितो मिरच्या भाजलेल्या. काकडी, लोणची, तळलेला बटाटा, भाजलेला भाताचा गोळा. यात पोट भरतं. दाशीबाबत प्रत्येकाने आपली रेघ आपण आखायची. मी पहिल्या वर्षी कडक होते, नंतर रश्श्यापुरती सैल झाले, आणि ते मी आईलाही सांगितलं.

कांदेपोहे_प्रेमी · १९ नोव्हेंबर

रेघ आपण आखायची हे मान्य. पण समोरच्याने खरं सांगायला हवं ना? मला एकदा "भाजीचंच आहे" म्हणून सूप दिलं आणि तळाशी बेकन निघालं.

खडीसाखर · १९ नोव्हेंबर

त्यांच्या लेखी ते भाजीचंच होतं. बेकन चवीपुरतं! "शाकाहारी" म्हणून चालत नाही. निकु (मांस), साकाना (मासे), दाशी, एकेक नाव घेऊन विचारायचं.

नाचरा_मोर · १९ नोव्हेंबर

मी २०११ ते १३ इथे विद्यार्थी होतो. तेव्हा रात्री नाचणं बेकायदा होतं हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. १९४८ चा जुना कायदा, नाचण्याच्या जागेला परवाना हवा आणि मध्यरात्रीनंतर बंद. वर्षानुवर्षं पोलीस काणाडोळा करत. २०१० मध्ये अमेरिका-मुरातल्या एका क्लबाबाहेरच्या भांडणात एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि मग धाडी सुरू झाल्या. "इथे नाचू नये" अशा पाट्या लागल्या. डीजे वाजवतोय आणि आम्ही हाताची घडी घालून उभे, हे मी स्वतः अनुभवलंय.

एप्रिल २०१२ मध्ये नाकाझाकीचोतल्या नून या क्लबावर धाड पडली, मालकाला अटक झाली. ते लढले. २०१४ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. लाखाच्या वर सह्यांची मोहीम झाली आणि कायदाच बदलला. जून २०१६ पासून पहाटेपर्यंत नाचता येतं, फक्त उजेड दहा लक्सपेक्षा जास्त हवा. चित्रपटगृहात मध्यंतरात जेवढे दिवे असतात साधारण तेवढा.

म्हणून आज ओसाकात पहाटे तीनला कुणी नाचताना दिसलं की मला बरं वाटतं. ते फुकट मिळालेलं नाही.

तोक्योकर_विदर्भी · १९ नोव्हेंबर

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद मोरा.

इंद्रायणीकाठ · २३ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. एक पाऊल टाकलं. काल उरा-नांबात साडेसहाला एका दुकानाचा पडदा बाजूला केला. वाक्य पाठ केलं होतं, ऐनवेळी "हितोरी" एवढंच निघालं. मालकीण हसल्या, कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. ऊरॉन-चा, शेंगा, तोफू. चाळीस मिनिटं बसले. शेजारी कुणी बोललं नाही, मीही नाही. बिल अकराशे येन. जाताना त्या "ओओकिनी" म्हणाल्या, ओसाकाच्या बोलीतलं धन्यवाद.

काही घडलं नाही म्हणायला. पण रस्त्यावर उभी नव्हते, आत होते.

खडीसाखर · २३ नोव्हेंबर

त्याच दुकानात परत जा. पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी. नवीन दुकान शोधू नकोस.

भटकभवानी · २३ नोव्हेंबर

खडीसाखर ताई, याला माझा विरोध. चार महिनेच आहेत, त्यात एकाच काउंटरला का बसायचं? नाकानोशिमात नदीकाठी रात्री चाल, १९१८ चं सार्वजनिक सभागृह दिव्यांत बघ, डिसेंबरात तिथे रोषणाईचा उत्सव असतो. उमेदा स्काय बिल्डिंगच्या १७३ मीटरवरच्या गच्चीवर जा. शिनसेकाईत त्सुतेनकाकू मनोरा बघ, १९५६ चा, त्याच्या माथ्यावरचे दिवे उद्याचं हवामान सांगतात: पांढरे म्हणजे ऊन, केशरी ढगाळ, निळे पाऊस. खाली जानजान गल्लीत म्हातारे शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळतात, काचेबाहेर उभं राहून बघता येतं. शेजारीच स्पा वर्ल्ड, गरम पाण्याची कुंडं, एक मजला युरोप, एक आशिया, दर महिन्याला बायका-पुरुषांची अदलाबदल. थंडीत याहून मोठं सुख नाही. आणि दोतोंबोरी विसर म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. तो कालवा १६१२ मध्ये खणायला घेतला, १६१५ मध्ये पुरा झाला, त्याच्या काठावर पुढे पाच मोठी नाट्यगृहं उभी राहिली. ग्लिकोचा पहिला फलक १९३५ चा, आताचा सहावा. चारशे वर्षं लोक रात्री मन रमवायला तिथे जातात. तिथून दोन मिनिटांवर होझेनजीची फरसबंद गल्ली आहे. तिथला फुदो देव शेवाळाने इतका माखलाय की मूर्ती हिरवी मखमल झालीय. लोक येता-जाता पाणी ओततात. रात्री अकराला कंदिलांच्या उजेडात तिथे उभी राहा आणि मग सांग दोतोंबोरी विसरायची का.

चिंचपोकळी_स्लो · २३ नोव्हेंबर

माझे शब्द मागे घेतो. होझेनजी मी विसरलो होतो.

खडीसाखर · २४ नोव्हेंबर

भवानी, तुझी यादी उत्तम आहे आणि तिने सगळं बघावं. पण तिने लिहिलंय "खूप एकटं वाटलं". मनोऱ्यावरून ते जात नाही. कुणीतरी ओळखीने मान हलवली की जातं. मला तरी तसंच गेलं.

भटकभवानी · २४ नोव्हेंबर

हं. दोन्ही करावं. शनिवारी माझं, गुरुवारी तुमचं.

पडदा_बाल्कनी · २५ नोव्हेंबर

उमेदाहून हानक्यू रेल्वेच्या कोबे लाइनने पंधरा मिनिटांच्या आत त्सुकागुची. तिथलं सनसन थिएटर हिंदुस्थानी सिनेमाच्या "मसाला" खेळांसाठी प्रसिद्ध आहे. जपानी माणसं साड्या नेसून येतात, डफ वाजवतात, नायकाच्या एंट्रीला कागदाचे फटाके उडवतात, आणि खेळ संपला की सगळे मिळून कागद झाडून थिएटर स्वच्छ करतात. मी सोलापूरचा, एकपडदा टॉकीजमध्ये नाणी उधळलेली पाहिलेला. त्या रात्री माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे एकदा गेलीस की साडीची निरी कशी घालायची हे विचारायला दहा बायका जमतील.

मोगरा_मळा · २५ नोव्हेंबर

हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही!

मध्यरात्रीची_गाडी · २५ नोव्हेंबर

शेवटची गाडी बाराच्या आसपास, पहिली पाचला. सगळं शहर या दोन वेळांत बसवलेलं आहे. म्हणून संगीताचे कार्यक्रम सातला सुरू होऊन दहाच्या आत संपतात. लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे संगीताच्या छोट्या जागांत, तिकिटावर एका पेयाचे वेगळे पैसे घेतात, तेही आधी कळलेलं बरं. मुंबईच्या हिशेबाने रात्री दहाला निघाल तर सगळे परत निघालेले दिसतील.

गाडी चुकली तर टॅक्सीत पैसे घालवू नका. कॅप्सूल हॉटेल आहे, जगातलं पहिलं १९७९ मध्ये याच शहरात उमेदाला सुरू झालं. बायकांसाठी वेगळा मजला आहे का ते बघून घ्या. किंवा कराओकेची खोली पहाटेपर्यंत. एकटीनेही जाता येतं, त्याला हितोकारा म्हणतात. कराओकेचं यंत्रही इथलंच, १९७१ मध्ये शेजारच्या कोबेत इनोउए दाइसुके यांनी केलं आणि पेटंट घेतलंच नाही.

रंगीत_छत्री · २६ नोव्हेंबर

इतरांसाठी नोंद: उमेदाच्या पूर्वेला दोयामा हा समलिंगी मंडळींचा भाग. छोटे बार, बरेचसे परक्यालाही सामावून घेणारे. घरी जे बोलता येत नव्हतं ते मी पहिल्यांदा तिथल्या एका काउंटरवर, तुटक्या जपानीत, एका साठीच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या ग्लासात बर्फ घातला. कुणाला गरज असेल तर आत जायला घाबरू नका.

आडगल्ली · २६ नोव्हेंबर

हे लिहिल्याबद्दल आभार, छत्री.

वारकरी_इंजिनियर · २८ नोव्हेंबर

खडीसाखर यांच्या बाजूने एक अनुभव. साहेबांनी मला ऑफिसच्या बोनेनकाईनंतर, म्हणजे वर्षअखेरच्या पार्टीनंतर, तेनमातल्या एका स्नॅकमध्ये नेलं. स्नॅक म्हणजे खाऊ नव्हे, एक बाई चालवते असा छोटा बार, तिला सगळे मामा (म्हणजे आई) म्हणतात. आठ माणसं, सगळी तिथली रोजची, एक कराओके यंत्र. ठरलेली रक्कम आधी सांगितली, दोन हजारांच्या पुढे काहीतरी. अशा जागी पहिल्यांदा ओळखीच्या माणसाबरोबरच जावं.

मामा म्हणाल्या, हिंदुस्थानातलं गा. यंत्रात मला येणारं एकही गाणं नव्हतं. मी उभा राहून आजोबांनी शिकवलेला अभंग म्हटला, टाळ्यांवर. दुसऱ्या कडव्याला मामांनी ताल पकडला, तिसऱ्याला सगळ्यांनी. संपल्यावर एका निवृत्त बसचालकांनी अर्थ विचारला. माझ्या जपानीत जेवढा जमला तेवढा सांगितला: देवाला भेटायला चालत जातो. ते म्हणाले, मीही शिकोकूची ८८ देवळं पायी केली आहेत. मग आम्ही रात्री साडेअकरापर्यंत पायांच्या फोडांवर बोललो. आषाढी आणि शिकोकू, फोड सारखेच.

गणगौळण · २८ नोव्हेंबर

वा वारकरी, वा!

हिरवा_वाघ · १ डिसेंबर

हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाचं कुणीच काढलं नाही? १९२४ चं कोशिएन मैदान, उमेदाहून हानशिन रेल्वेने पाव तास, संध्याकाळी सहाचा सामना. १९८५ मध्ये संघ जिंकला तेव्हा लोकांनी दोतोंबोरीत उड्या मारल्या आणि केएफसीच्या कर्नलचा पुतळाही कालव्यात टाकला. तो २००९ मध्ये गाळातून निघाला. पुढचं जपान सिरीज विजेतेपद यायला २०२३ उजाडलं. पण धागाकर्तीचा मुक्काम हिवाळ्यातला, सामने मार्चअखेर सुरू. वाईट वाटतं.

इंद्रायणीकाठ · १४ डिसेंबर

गुरुवारी त्याच दुकानात जातेय, चौथी खेप झाली. तिसऱ्या खेपेला मालकिणींनी न विचारता ऊरॉन-चा ठेवला आणि तोफूवर माशाचा कीस नव्हता. मी सांगितलंही नव्हतं, त्यांच्या लक्षात होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं कुठली, म्हटलं पुणे. त्यांना पुणे माहीत नव्हतं, मग मी नॅपकिनवर नकाशा काढला. शनिवारी होझेनजीला पाणी घातलं, भवानी. हिरवी मखमल, अगदी तसंच.

खडीसाखर · १४ डिसेंबर

डोळे भरून आले गं.

पिंगुळीचो_झील · ५ जानेवारी

जानेवारीचे बुनराकू सुरू झाले असतील. आणि ९, १०, ११ जानेवारीला इमामिया एबिसुच्या देवळात तोका एबिसु. रात्री उशिरापर्यंत जत्रा. जाच.

भटकभवानी · ५ जानेवारी

अवांतर: जपानच्या सात भाग्यदेवांत बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोन म्हणजे कुबेर. एबिसु एकटा अस्सल जपानी. दोतोंबोरीच्या एबिसुबाशी पुलाचं नावही त्याच देवळाच्या वाटेवरून पडलं असं सांगतात.

इंद्रायणीकाठ · १२ जानेवारी

परवा, दहा तारखेला, गेले. एकटी नाही. काकू (आता नाव माहीत आहे, पण इथे काकूच) म्हणाल्या, आमच्याबरोबर चल. त्या, मालकीण आणि मी. दुकान त्या दिवशी दोन तास उशिरा उघडलं.

नांबापासूनच गर्दी. "व्यापाराची भरभराट, वेळूची फांदी घेऊन या" अशी एकच ओळ कर्ण्यावर पुन्हा पुन्हा, दुसऱ्या दिवशी अंघोळ करतानाही माझ्या तोंडात तीच. देवळात वेळूची फांदी फुकट मिळते, तिच्यावर बांधायच्या शुभवस्तू विकत घ्यायच्या. मालकिणींनी दुकानासाठी तांदळाची छोटी पोती आणि सोनेरी मासा बांधून घेतला. मग मला देवळाच्या मागच्या बाजूला नेलं. एबिसुला कमी ऐकू येतं म्हणे, म्हणून मागून ठोकून सांगायचं, "आले होते हो!" मालकिणींनी ठोकलं, काकूंनी ठोकलं, मग मी. मराठीत सांगितलं. काकूंनी विचारलं काय मागितलंस, म्हटलं सांगितलं तर मिळत नाही. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच.

परतताना मालकिणींच्या फांदीवरची एक छोटी घंटा त्यांनी माझ्या पिशवीला बांधली. रविवारी झीलांचं बुनराकू, तिकीट काढलंय. फेब्रुवारीत त्सुकागुचीला मसाला खेळ लागला तर काकूंना साडी नेसवणार आहे. माझ्याकडे दोनच साड्या आहेत, मालकिणींसाठी तिसरी लागेल. आईला सांगितलंय, कुरिअर करतेय.

पडदा_बाल्कनी · १२ जानेवारी

नऊवारी का सहावारी?

इंद्रायणीकाठ · १२ जानेवारी

काकूंनी फोटो बघून नऊवारी निवडली.